तोल सांभाळणे : रोलरवरील सायकल आणि स्थैर्याच्या कल्पनेचा इतिहास

सायकल उभी कशी राहते, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपल्या सर्वांना शाळकरी वयापासून ठाऊक असते : ती धावत असते म्हणून. थांबली की पडते, हा रोजचा अनुभव या उत्तराच्या पाठीशी उभा असतो. त्यामुळे ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु सायकलीच्या इतिहासात एक साधन असे आहे, की जे या उत्तराला अडचणीत आणते. ते साधन म्हणजे घरात बसून सराव करण्यासाठी वापरले जाणारे रोलर.

एका चौकटीत तीन आडवी नळकांडी बसवलेली असतात. दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या चाकाखाली. मागचे चाक फिरले की त्याखालची नळकांडी फिरतात, आणि त्यांपैकी एकावरून पुढच्या नळकांड्यावर गेलेला पट्टा तेही त्याच वेगाने फिरवतो. सायकल कशालाही बांधलेली नसते. व्यायामशाळेतील स्थिर सायकल जमिनीला घट्ट असते. मागचा आस पकडून ठेवणारे स्टँडही पुष्कळांनी पाहिलेले असतात. या दोन्हींवर डोळे मिटून बसले तरी पडण्याचे भय नाही. रोलरवर मात्र सायकल नुसती ठेवलेली असते. स्वार पॅडल मारतो, चाके वेगाने फिरतात, सायकल इंचभरही पुढे जात नाही आणि तरीही उभी राहते. मग ‘धावते म्हणून उभी राहते’ या वाक्यातील ‘धावते’चा अर्थ काय समजायचा?

आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. यंत्रशास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु एका साध्या वस्तूचे स्पष्टीकरण दीडशे वर्षांत कसे बदलत गेले, त्यातील कोणते उत्तर लोकप्रिय झाले आणि का, हा प्रश्न कल्पनांच्या इतिहासाचा आहे, आणि तो आम्हांला परका नाही. शिवाय यात मराठी भाषेचाही एक धागा आहे, त्याकडे आम्ही अखेरीस येऊ.

प्रारंभ १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे होतो. कार्ल फॉन ड्राइस यांनी त्या वर्षीच्या जून महिन्यात आपले लाकडी दुचाकी यंत्र रस्त्यावर चालवून दाखवले. त्याला पॅडल नव्हते. स्वार जमिनीवर पाय रेटून पुढे जाई. या यंत्रातील खरी नवलाईची गोष्ट दोन चाके एकामागे एक असणे एवढीच नव्हती. पुढचे चाक वळवता येत होते, ही होती. पुढे तोलाविषयी जी चर्चा झाली, तिचे बीज या वळणाऱ्या चाकात आहे. १८६० च्या दशकात पुढच्या चाकाला पॅडल आले आणि पाय जमिनीवरून कायमचे उचलले गेले. तोल हा प्रश्न म्हणून पुढे आला तो येथे, कारण आता आधाराला जमीन उरली नाही.

ग्लासगो येथील अभियंता विल्यम रँकिन यांनी १८६९ साली ‘द इंजिनियर’ या नियतकालिकात या विषयावर लेख लिहिले. त्यांचा विचार आजही ग्राह्य वाटावा असा आहे. स्वार ज्या बाजूला कलतो त्या बाजूला पुढचे चाक वळवतो. त्यामुळे चाके सरकून पुन्हा त्याच्या भाराखाली येतात. तळहातावर काठी उभी धरणारे मूल नेमके हेच करते. काठी उजवीकडे कलली की हात उजवीकडे जातो. काठी स्थिर दिसते, कारण हात स्थिर नसतो. सायकलस्वाराला आपला आधार असा थेट उचलून बाजूला नेता येत नाही. तो हँडल वळवतो आणि चाकांचा वेग ते काम करतो. वेग नसेल तर हँडल कितीही फिरवले तरी आधार सरकत नाही. थांबलेली सायकल पडते ती या कारणाने. धावण्यात अंगभूत असे काही तारक तत्त्व नाही. धावण्यामुळे चूक दुरुस्त करण्याचे साधन मिळते, इतकेच.

याच विचाराची दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे. उजवीकडे वळायचे असेल तर स्वाराला आधी क्षणभर हँडल डावीकडे न्यावे लागते. त्याशिवाय शरीर उजवीकडे कलत नाही. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे करतो आणि आपण असे करतो हे जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. विमानाच्या इतिहासातील विल्बर राइट यांच्या हे लक्षात आले होते. राइट बंधूंचा डेटन येथे सायकलींचाच व्यवसाय होता. आपोआप स्थिर राहणारे विमान घडवण्याऐवजी चालकाने क्षणोक्षणी सावरत नेण्याचे विमान त्यांनी १९०३ साली उडवले, यामागे सायकलीचा अनुभव होता, असे मानण्यास जागा आहे.

१८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ साली डनलॉप यांचा हवेचा टायर आला, आणि आजच्या सायकलीची आकृती निश्चित झाली. युरोप-अमेरिकेत शर्यतींना उधाण आले. हिवाळ्यात मात्र रस्ते बर्फाखाली जात. या गरजेतून घरातील सरावाची साधने निघाली. इंग्रजीत त्यांना ‘होम ट्रेनर’ हे नाव पडले आणि रोलर हे त्यांतीलच एक. घरातील हे साधन लवकरच रंगमंचावरही चढले. दोन स्वार शेजारी शेजारी रोलरवर बसत आणि कोण किती अंतर गेला हे मोठ्या तबकडीवरील काटा दाखवी. जागेवरून न हलणाऱ्या दोन माणसांची शर्यत प्रेक्षक तिकीट काढून पाहत.

या इतिहासात १८९९ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी ३० जून रोजी चार्ल्स मर्फी या अमेरिकन सायकलपटूने लाँग आयलंड येथे आगगाडीच्या मागे सायकल चालवून एक मैलाचे अंतर ५७.८ सेकंदांत कापले. रुळांच्या मध्ये फळ्या अंथरल्या होत्या आणि डब्याच्या मागे वारा अडवण्यासाठी आडोसा उभारला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माँट्रियल येथे मार्शल टेलर, ज्यांना ‘मेजर’ टेलर म्हणत, हे एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेते झाले. आणि त्याच वर्षी केंब्रिजमधील फ्रान्सिस व्हिपल या तरुण गणितज्ञाने सायकलीच्या स्थैर्याची समीकरणे प्रसिद्ध केली; फ्रान्समध्ये एमान्युएल कार्व्हालो यांचे याच विषयावरील पारितोषिकप्राप्त संशोधनही स्वतंत्रपणे त्याच साली छापून आले.

आधी टेलर यांच्याकडे वळू. १८७८ साली इंडियानापोलिसजवळ जन्मलेले टेलर कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १८९४ सालीच कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारणारा नियम केला होता. शर्यतींत उतरण्याची वाट टेलर यांनी काढली, तरी मैदानावर गोरे स्वार संगनमताने त्यांना चहूबाजूंनी घेरून कोंडीत पकडत. १८९७ साली मॅसॅच्युसेट्समधील टाँटन येथे तर शर्यत संपल्यावर एका प्रतिस्पर्ध्याने त्यांचा गळा आवळला. अशा माणसाचा तोल म्हणजे केवळ चाकांचा तोल नव्हता. शेजारून धक्का कधी येईल हे गृहीत धरूनच त्यांना सायकल चालवावी लागे.

हेच टेलर १९०० च्या सुमारास मर्फी यांच्यासमवेत मॅसॅच्युसेट्समधील आणि इतर राज्यांतील नाट्यगृहांतून रोलरवरील शर्यती करत फिरले. वाऱ्याला आडोसा करून आगगाडीशी स्पर्धा करणारा एक आणि घेराव फोडून जगज्जेता झालेला दुसरा, असे दोघे रंगमंचावर शेजारी शेजारी बसत. रोलरवर वारा नसतो, आणि कोंडीही नसते. प्रत्येकाला आपली स्वतंत्र नळकांडी. कोणी कोणाच्या वाटेत येऊ शकत नाही, कारण वाटच नाही. टेलर यांना खुल्या मैदानाने जी समान संधी नाकारली, ती या बंदिस्त यंत्राने निदान यांत्रिक अर्थाने दिली, असे आम्हांला वाटते. अर्थात या समतेची किंमतही होती. ऐन शेवटच्या क्षणी फटीतून निसटून पुढे जाण्याचे टेलर यांचे कौशल्य रोलरवर निरुपयोगी होते. तेथे मोजले जात होते ते फक्त पाय. आणि ही समता नाट्यगृहात, करमणुकीच्या कार्यक्रमातील एक प्रयोग म्हणून मिळत होती. १९२८ साली टेलर यांनी स्वतःच्या खर्चाने आत्मचरित्र छापले. १९३२ साली शिकागो येथे ते दारिद्र्यात वारले. सदर संघटनेने १८९४ चा तो नियम १९९९ साली औपचारिकपणे मागे घेतला.

आता व्हिपल यांच्या समीकरणांकडे. त्यांचा निष्कर्ष असा, की योग्य घडणीची सायकल एका ठरावीक वेगाच्या टप्प्यात स्वाराने हँडलला हात न लावताही स्वतःला सावरू शकते. ती कलते, पुढचे चाक आपोआप त्या बाजूला वळते आणि सायकल पुन्हा उभी होते. रँकिन यांनी जे काम स्वाराकडे दिले होते त्याचा काही वाटा येथे यंत्राकडे आला. परंतु पुढचे चाक आपोआप का वळते? येथून कारणांचा शोध सुरू झाला, आणि येथेच स्पष्टीकरणाला गोष्टीचे रूप आले.

सर्वांत आकर्षक कारण होते भोवऱ्याचे. वेगाने फिरणारे चाक भोवऱ्यासारखे वागते. त्याला एका बाजूला कलवले की ते त्या बाजूला वळू पाहते. १९१० साली क्लाइन आणि सोमरफेल्ड यांच्या भोवऱ्यावरील प्रसिद्ध जर्मन ग्रंथाच्या चौथ्या खंडात सायकलीचा विचार झाला आणि सायकलीच्या स्वयंस्थैर्यासाठी हा परिणाम आवश्यक असल्याचे प्रतिपादन झाले. त्यातील सूक्ष्म विधान सर्वसामान्यांपर्यंत येता येता ‘चाके भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल पडत नाही’ एवढेच उरले. एक प्रश्न, एक कारण, एक सुबक उपमा. असे स्पष्टीकरण चिरकाल टिकते.

१९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ‘फिजिक्स टुडे’मध्ये या गोष्टीला धक्का दिला. मुद्दाम चालवता येऊ नये अशी सायकल बनवण्याचा त्यांचा खटाटोप होता. पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून त्यांनी भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला; तरीही ती सायकल चालवता आली. त्यांनी मग दुसरे कारण पुढे केले. हँडलचा तिरका आस जमिनीपर्यंत वाढवला तर पुढच्या चाकाचा स्पर्शबिंदू त्याच्या किंचित मागे पडतो. चाकांच्या खुर्चीचे छोटे चाक ओढले जाते तसे हे चाक मागोमाग ओढले जाते आणि योग्य दिशेला वळते. जुन्या कारणाच्या जागी नवे कारण आले, पण गोष्टीचा घाट तोच राहिला : कारण एकच असले पाहिजे.

हा घाट मोडायला आणखी चार दशके लागली. २००७ साली मायाड, पापाडोपुलस, रुइना आणि श्वाब या चौघांनी व्हिपल यांच्यापासूनचे सारे वाङ्मय पारखून समीकरणांची शुद्ध मांडणी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांनी नमुना म्हणून घेतलेली सायकल सेकंदाला सुमारे ४.३ ते ६ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५ ते २२ किलोमीटर या टप्प्यात स्वतःला सावरते असे गणित सांगते. आणि २०११ साली डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये एका विचित्र छोट्या सायकलीचा प्रयोग मांडला. तिच्यातील भोवऱ्याचा परिणाम उलट्या चाकांनी रद्द केला होता आणि स्पर्शबिंदू आसाच्या मागे नसून किंचित पुढे होता. दोन्ही लोकप्रिय कारणे काढून घेतली, तरी सोडून दिल्यावर ती स्वतःला सावरत गेली. पुढच्या भागातील वजनाची मांडणी हेही एक कारण असू शकते, हे त्यातून दिसले. सारांश असा, की सायकल जिकडे पडते तिकडे वळली पाहिजे. ते कशामुळे घडावे याचे अनेक मार्ग आहेत आणि त्यांतील कोणताही एक मार्ग अपरिहार्य नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रवास ओळखीचा वाटावा. केशवसुतांच्या आधुनिकतेचे कारण इंग्रजी काव्याचा परिचय, असे एक वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पिढ्यान् पिढ्या लिहिले गेले आहे. ते खोटे नाही. पण ते कारण काढून घेतले तर काय उरते हे पाहण्याचा प्रयोग क्वचितच केला जातो.

आता रोलरचा प्रश्न पुन्हा विचारता येईल. रस्ता स्थिर आणि सायकल पुढे जाणारी, किंवा सायकल जागेवर आणि रस्ता मागे जाणारा. चाकाला या दोहोंतील फरक कळत नाही. एकसमान वेगाने चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज चालते आहे की उभे आहे हे ठरवता येत नाही, हे गॅलिलिओने १६३२ सालीच मांडले होते. डेल्फ्टच्या संशोधकांनी २००९ साली ॲम्स्टरडॅम येथील विद्यापीठातल्या ३ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब सरकत्या पट्ट्यावर सायकल चालवून स्वारांचे निरीक्षण केले ते याच तत्त्वाच्या भरवशावर. स्वार मुख्यतः हँडलच्या बारीक हालचालींनी तोल सांभाळतो, धड फारसे हलवत नाही, आणि वेग फार कमी झाला की गुडघेही बाजूला हलवू लागतो, असे त्यांना दिसले. रोलरवरही हेच होते. हँडल किंचित उजवीकडे वळले की पुढचे चाक नळकांड्यावर उजवीकडे सरकते आणि भाराखाली येते. सायकल खोलीत पुढे जात नसली तरी तिचे चाक नळकांड्याच्या पृष्ठभागावर ‘धावत’च असते. नळकांडी थांबली की ती रस्त्यावरच्यासारखीच पडते.

मग रोलरवर नवखा स्वार का पडतो? या प्रश्नावर वाद झालेला आहे. ‘युरोपियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये २०११ साली रोलरवरील स्थैर्यावर एक लेख आला आणि २०१२ साली त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप घेणारे टिपण छापले गेले. आमच्या समजुतीप्रमाणे येथेही एकच कारण शोधण्यात अर्थ नाही. रस्त्यावर स्वार हातभर इकडे-तिकडे भरकटला तरी बिघडत नाही; येथे नळकांड्याची सारी रुंदीच जेमतेम हातभर असते. रस्ता सपाट, नळकांडे गोल. त्यामुळे चाकाचा स्पर्श वेगळा होतो. रस्त्यावर पॅडल थांबवले तरी शरीराचा वेग सायकलीला काही काळ पुढे नेतो. हलकी नळकांडी काही सेकंदांतच मंदावतात. डोळ्यांना दोन्ही बाजूंनी मागे सरकणारी झाडे-घरे दिसत नाहीत, समोरची भिंत जागची हलत नाही. आणि भय असते. सायकल नळकांड्यांवरून सुटून भिंतीवर आदळेल या भीतीने नवखा माणूस हँडल घट्ट आवळतो, चाकाला जे सतत थोडे थोडे वळायचे असते ते वळू देत नाही, आणि पडतो. हँडल हलके धरावे, नजर चाकावर न ठेवता समोर ठेवावी, असे जाणकार सांगतात. स्थिर राहण्याचा हट्ट धरणारा येथे आधी पडतो.

रोलरवरील अनुभवी स्वाराकडे लक्षपूर्वक पाहिले तर पुढचे चाक कधीच पूर्ण सरळ नसते असे दिसते. ते सारखे डावी-उजवीकडे किंचित वळत असते. आपण ज्याला स्थैर्य म्हणतो ती या असंख्य लहान दुरुस्त्यांची बेरीज असते.

आता भाषेचा तो धागा. ‘तोल’ हा शब्द ‘तुला’ म्हणजे तराजूच्या कुळातला आहे. तराजूचा काटा डोलतो आणि अखेर मध्यावर येऊन थांबतो. तेथे तोल साधला की काम संपते. सायकलीवर तो अर्थ पुरत नाही, कारण येथे काटा थांबला तर स्वार पडतो. परंतु मराठीने या नामाला जोडून दिलेले क्रियापद मात्र नेमके आहे. आपण तोल ‘सांभाळतो’. मूल सांभाळावे, घर सांभाळावे, तसा. सांभाळणे ही कृती एकदा करून संपत नाही. ती अखंड चालू ठेवावी लागते आणि ती करणारा कोणीतरी जागा असावा लागतो. रँकिन यांच्या लेखापासून २०११ च्या प्रयोगापर्यंत शास्त्रज्ञांनी जे शोधले, ते या क्रियापदाच्या अर्थाच्या फारसे बाहेर नाही. यंत्रही सांभाळते आणि माणूसही सांभाळतो. कोण किती, हे वेगावर आणि घडणीवर ठरते.

मेजर टेलर यांच्यासारख्याला हे सांभाळणे दोन आघाड्यांवर करावे लागले. त्यांच्या चाकांचा तोल कसा राहिला हे समीकरणे सांगू शकतात. मैदानावर चहूबाजूंनी घेरलेले असताना त्यांनी आपला तोल कसा राखला, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आत्मचरित्राकडेच जावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे.